कात्री, माफी आणि पुढचा शो

२२ जानेवारी २०२५ ला ‘छावा’चा ट्रेलर आला आणि आठवडा उलटायच्या आत त्यातलं लेझीमचं दृश्य चित्रपटातून गेलं. संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून मंत्री उदय सामंत बोलले, माजी खासदार संभाजीराजे छत्रपती बोलले. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटून आले आणि दृश्य काढतो म्हणाले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वरून असाच गदारोळ झाला होता. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात हे पेशव्यांच्या वंशजांना खटकलं आणि पुण्यात कोथरूडला शो रद्द करावे लागले.

दोन्ही वेळा आक्षेप नाचावर होता. या दोन चित्रपटांनी इतिहासाशी घेतलेली मोकळीक मोजायला बसलं, तर नाच त्या यादीत बराच खाली येईल. पण नाच ट्रेलरमध्ये दिसतो. त्यावर रागवायला चित्रपट पाहावा लागत नाही, बखर तर लांबच राहिली. करमणुकीच्या मोठ्या कंपन्यांवर महाराष्ट्रात गेली दहा-बारा वर्षं टीका होते आहे. ती एकत्र ठेवून वाचली की दिसतं, की आपण या कंपन्यांना सतत जाब विचारतो, पण बहुतेक वेळा चुकीचा जाब विचारतो. त्यांनाही ते कळलं आहे. एखादं दृश्य कापायचं, एक माफीनामा वाचायचा, पुढचा शो लावायचा.

छत्रपती संभाजीनगरात बसून हा आढावा घेण्याला थोडं कारण आहे. ज्या राजाच्या नावावर शेकडो कोटींचा धंदा झाला, त्याचं नाव या शहराला आहे. ज्या बादशहाला पडद्यावर खलनायक केलं, त्याची कबर इथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला आहे. आणि ज्या मराठवाड्याचं हे मोठं शहर, तो मराठवाडा मराठी करमणुकीत क्वचितच दिसतो.

आधी संभाजी महाराजांचंच घ्या, कारण त्यांच्या चित्रणाचा इतिहास कंपन्यांच्या आधीचा आहे. मराठी रंगभूमीने त्यांना फार वर्षं व्यसनी, हट्टी, बाईवेडा राजपुत्र म्हणून वापरलं. राम गणेश गडकरींचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ त्याच रांगेतलं. त्याचा राग म्हणून ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे पुण्यातल्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी उखडून टाकला. पडद्यावर ‘थोरातांची कमळा’ १९४१ सालीच येऊन गेला होता. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये, म्हणजे १९६२ साली, बाप-लेकाचा संघर्ष माणसांच्या पातळीवर आला, आणि काशिनाथ घाणेकरांचा संभाजी लोकांनी डोक्यावर घेतला.

पण चित्र खरं पालटलं ते वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि पुढे कमल गोखले यांच्या संशोधनाने. त्यांनी परकीय आणि मोगली कागद तपासले, बखरकारांचे हितसंबंध दाखवले, ‘बुधभूषण’ लिहिणारा, नऊ वर्षं चार आघाड्यांवर लढणारा राजा पुढे आणला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी १९७९ ची. मालिका आणि चित्रपट तर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आले. म्हणजे प्रतिमा दुरुस्त केली ती दप्तरखान्यात बसलेल्या माणसांनी. पुतळा उखडून संभाजी महाराजांबद्दल आपल्याला एक ओळही नवी कळली नाही. बेंद्र्यांच्या पुस्तकाने मात्र एका अख्ख्या पिढीचं मत बदललं. आज ज्या कंपन्या या प्रतिमेवर कमावतात, त्यांनी अशा संशोधनाला किती पैसा दिला, हा प्रश्न एकाही आंदोलनात ऐकू आलेला नाही.

मराठीत करमणुकीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पसरलेली खासगी कंपनी म्हणजे झी. १९९९ च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी सुरू झाली, २००५ मध्ये ती झी मराठी झाली. त्यामुळे टीकेचा मोठा वाटाही तिच्याच वाट्याला आला, आणि तो वाचण्यासारखा आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० अशी चालली. राजाची भूमिका करणारे अमोल कोल्हे हेच निर्मितीत होते. मालिका चालू असतानाच, मार्च २०१९ मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले आणि मे महिन्यात शिरूरचे खासदार झाले. ज्या चेहऱ्याला घराघरात रोज रात्री हात जोडले जात होते, तोच चेहरा मतपत्रिकेवर आला. यात बेकायदा काही नव्हतं. कोल्ह्यांच्या अभिनयाबद्दल किंवा त्यांच्या कष्टांबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण वाहिनीने अशा वेळी काय करावं, याचा काही संकेत असायला नको का? तो तेव्हा नव्हता, आजही नाही. विरोधकांनीही तो मागितला नाही, कारण उद्या त्यांच्याही पक्षात एखादा नट येणारच असतो.

२५ ऑक्टोबर २०२२ ला झी स्टुडिओजचा ‘हर हर महादेव’ पाच भाषांत आला. बाजीप्रभू देशपांडे आणि शिवाजी महाराज यांचं नातं ज्या तऱ्हेने रंगवलं होतं, त्यावर संभाजीराजे आणि इतिहासाचे अभ्यासक यांनी आक्षेप घेतला, आणि त्यात तथ्य होतं. पण ७ नोव्हेंबरच्या रात्री ठाण्याच्या मॉलमध्ये आमदार जितेंद्र आव्हाड आणि त्यांचे कार्यकर्ते शो बंद पाडायला गेले, तिथे एका प्रेक्षकाला मारहाण झाली आणि चार दिवसांनी आव्हाडांना अटक झाली. त्या क्षणापासून चर्चा बाजीप्रभूंवरून सरकून जामिनावर गेली. चित्रपटात नेमकं चुकलं काय, कोणता प्रसंग कोणत्या साधनावर आधारलेला नाही, हे मुद्द्यांनिशी लिहिणारे लेख मारहाणीच्या बातम्यांखाली दबले. झीने चित्रपट वाहिनीवर दाखवायचं ठरवलं तेव्हा पुन्हा इशारे निघाले. संशोधक सल्लागार कोण होते, त्यांचं म्हणणं कुठे मानलं आणि कुठे डावललं, हे कंपनीला कुणी लेखी विचारलं असतं तर तिची खरी पंचाईत झाली असती.

माफीचं शास्त्र मात्र कंपन्यांना उत्तम जमतं. मार्च २०२० मध्ये ‘चला हवा येऊ द्या’त राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात फेरफार करून ते विनोदासाठी वापरलं गेलं. संभाजीराजेंनी हटकलं आणि सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी माफी मागितली. त्याच महिन्यात ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मध्ये मुंबईची भाषा हिंदी असल्याचं पात्राच्या तोंडी आलं, मनसेने दम दिला, तिथेही माफी आली. जानेवारी २०२४ मध्ये झी स्टुडिओजचा तमिळ ‘अन्नपूरणी’ प्रभू रामाबद्दलच्या संवादांवरून अडकला. कंपनीने विश्व हिंदू परिषदेला माफीचं पत्र दिलं आणि नेटफ्लिक्सवरून चित्रपट उतरला. त्या चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र होतं, तो महिनाभर आधी थिएटरांतून चालूनही गेला होता. शाहू महाराजांच्या छायाचित्राची माफी योग्यच होती. पण ज्या वेगाने शाहूंची माफी आली त्याच वेगाने ‘अन्नपूरणी’ची आली, यावरून कंपनी बरोबर-चूक तपासत नाही, समोर किती जण उभे आहेत ते पाहते, असं म्हणायला जागा आहे.

याचा दुसरा पुरावा ‘सैराट’ आणि ‘धडक’. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ झी स्टुडिओजनेच २०१६ मध्ये आणला. करमाळ्याच्या पट्ट्यातली बोली, जातीची उतरंड, पळून गेलेल्या जोडप्याचा शेवट, सगळं तसंच्या तसं ठेवून त्याने मराठीत कमाईचे सगळे आकडे मोडले. दोन वर्षांनी त्याच झीने धर्मा प्रॉडक्शन्सबरोबर हिंदीत ‘धडक’ काढला. गोष्ट उदयपूरला गेली, चेहरे उजळले आणि जात इतकी पुसट झाली की मुलगा आणि त्यांचं बाळ नेमके कशामुळे मारले जातात, हे नीट कळतही नाही. मूळ गोष्ट हाताशी होती, पैसा मिळतो हेही सिद्ध झालं होतं, तरी हिंदी बाजारात जात नको, हा निर्णय कुणीतरी टेबलावर बसून घेतला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत मराठी समाजाच्या चित्रणाबाबत झालेला हा सगळ्यात गंभीर अपराध आहे. त्यासाठी कुठेही शो बंद पडला नाही, कुणी माफी मागितली नाही. समीक्षकांनी लिहिलं, तेवढंच.

एप्रिल २०२५ मध्ये महात्मा फुल्यांवरचा अनंत महादेवन यांचा ‘फुले’ यायचा होता. ११ तारीख ठरलेली, म्हणजे जोतिरावांची जयंती. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावं आणि पेशवाईचे उल्लेख यांत बदल सुचवले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. ज्या माणसाने ‘गुलामगिरी’ लिहिली, त्याच्यावरच्या चित्रपटात जातीची नावं खटकतात! इथे बदल कंपनीने स्वतःहून केले नाहीत, हे खरं. पण लेझीम, पिंगा, अन्नपूरणी आणि फुले ही प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, की ज्याच्या पाठीशी वंश, पक्ष किंवा संघटना आहे त्याच्या तक्रारीला कात्री मिळते. ज्यांच्यावर गोष्ट आहे, त्यांच्या मागे कुणी नसेल तर कात्री त्यांच्यावरच चालते.

‘छावा’तल्या शिर्के प्रकरणात हाच नियम जरा वेगळ्या रीतीने दिसला. गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवल्याने शिर्के घराण्यातल्या वंशजांनी नोटीस दिली, शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला. उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. आपण आडनाव आणि गाव टाळलं होतं आणि चित्रपट कादंबरीवर आधारलेला आहे, असंही सांगितलं. कादंबरीची ढाल फार सोयीची असते. विकताना ‘सत्य इतिहास’ आणि अडचण आली की ‘कादंबरी’. फितुरीबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, ते असणारच. पण याच शिर्क्यांच्या घरातल्या येसूबाई, महाराजांच्या पत्नी, ‘श्री सखी राज्ञी जयति’ या शिक्क्याने कारभार करणाऱ्या, १६८९ मध्ये मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटल्या. तीस वर्षांची ही कैद आणि तिच्या आधीचा त्यांचा कारभार कोणत्याही निर्मात्याला चित्रपटाचा मध्य वाटलेला नाही. घराण्याचं नाव बिघडलं म्हणून नोटीस गेली. येसूबाईंना निरोपाच्या दृश्यापुरतं ठेवलं म्हणून कुणी नोटीस देत नाही.

आता मराठवाड्याकडे वळतो, कारण इथली तक्रार ना कुणी नोंदवली ना कुणी ऐकली. मराठी मालिकांचा नकाशा काढून पाहा. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरची, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याची, ‘रात्रीस खेळ चाले’ आकेरीच्या वाड्यातली मालवणी, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची. ‘रात्रीस खेळ चाले’ने कोकणाची भुताखेतांची बदनामी केली म्हणून २०१६ मध्ये तक्रारी झाल्या, आणि पुढे तोच वाडा पाहायला पर्यटक जाऊ लागले. कोकणाला निदान रागवायला काहीतरी मिळालं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या गावात, तिथल्या बोलीत, वर्षानुवर्षं चाललेली मालिका आठवायचा प्रयत्न करा. मला तरी चटकन नाव सुचत नाही. मराठवाडी बोलतो तो नट असतो, आणि तो बहुधा विनोदी असतो. मकरंद अनासपुरे इथल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून गेले. त्यांच्या ‘कामून’ आणि ‘करायलो’वर थिएटर हसलं, आणि त्यात वाईट काही नाही. पण हसण्यापलीकडे ही बोली रडू शकते, भांडू शकते, प्रेम करू शकते, याचा पडद्यावरचा पुरावा फार थोडा आहे.

रंगभूमीवर तो भरपूर आहे, म्हणून राग जास्त येतो. लक्ष्मण देशपांडे याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये त्यांनी एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, तीही मराठवाड्याच्या गावची. ते हसवत होते, पण गावाला हसत नव्हते. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी इथूनच मुंबईला गेले आणि ‘चारचौघी’ने व्यावसायिक रंगभूमीला हादरवलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी वीजचोरीवर ‘आकडा’ लिहिलं. त्यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ नंदू माधव यांनी २०१२ मध्ये बसवलं आणि जालन्याच्या शेतकरी पोरांना घेऊन राज्यभर फिरवलं. शिवाजी महाराजांवरचं हे गेल्या काही दशकांतलं सगळ्यात धीट नाटक आहे, आणि त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती. एवढा माल दारात असताना वाहिन्या मराठवाडा घेत नाहीत. कारण सरळ असावं. चित्रीकरणाची सोय मुंबई, ठाणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आहे, युनिट मराठवाड्यात न्यायचं तर खर्च वाढतो. आणि टीआरपी मोजणारे मीटर जिथे दाट, तिथली बोली चालते. हा हिशेब समजण्यासारखा आहे. त्याला ‘प्रेक्षकांची आवड’ हे नाव देऊ नये, एवढंच.

या शहराची दखनी बोली तर त्याहून दूर राहिली. वली आणि सिराज हे औरंगाबादी कवी उर्दूच्या पायाशी आहेत. शहागंज, रोशनगेट, बुढ्ढीलेनमध्ये आजही मराठी-दखनीची अशी मिसळण चालते की वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपतं. मराठी पडद्यावरचा मुसलमान मात्र मुंबईचा नाहीतर लखनौचा बोलतो. नितीन देसाईंनी २०१२ मध्ये ‘अजिंठा’ काढला, ना. धों. महानोरांच्या कवितेवरचा, रॉबर्ट गिल आणि पारोचा. तो या मातीतला देखणा अपवाद. देसाई स्वतः कर्जाच्या ओझ्याखाली २ ऑगस्ट २०२३ ला कर्जतच्या स्टुडिओत गेले, आणि काही आठवडे आपण सगळ्यांनी कला आणि पैशाच्या नात्यावर गंभीर चर्चा केली. मग मालिका पुन्हा सुरू झाल्या.

पैशाचा विषय निघाला म्हणून कामगारांबद्दल. मराठी मालिकांतल्या कलाकारांना मानधन बहुधा नव्वद दिवसांनी मिळतं, दिवसाची शिफ्ट बारा-तेरा तासांची असते, हे सेटवर सगळ्यांना पाठ आहे. २०२१ च्या सुरुवातीला एका बंद झालेल्या मालिकेच्या कलाकारांनी पैसे थकल्याची तक्रार उघडपणे केली, तेव्हा बाहेरच्या प्रेक्षकांना हा प्रकार पहिल्यांदा कळला. जानेवारी २०२२ मध्ये किरण माने यांना स्टार प्रवाहच्या ‘मुलगी झाली हो’मधून काढलं. राजकीय लिहिल्यामुळे काढलं असं ते म्हणाले, सहकलाकारांशी वागणूक वाईट होती असं वाहिनीने सांगितलं. दोन्ही बाजूंनी गट पडले. खरं काय, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि मुद्दा तोच आहे. कलाकाराला काढण्याची लेखी प्रक्रिया, सुनावणी, अपील असं काही असतं तर तो वाद फेसबुकवर लढावा लागला नसता. झीच्या मुख्यालयातल्या कारभारावरही २०२३ मध्ये सेबीने बोट ठेवलं. सुभाष चंद्रा आणि पुनीत गोएंका यांना संचालकपदावरून दूर ठेवण्याचा आदेश निघाला, पण काही महिन्यांत अपिलीय न्यायाधिकरणाने गोएंकांवरचा आदेश रद्द केला. या सगळ्यावर महाराष्ट्रात एक मोर्चा निघाला नाही. महापुरुषाच्या फेट्याचा रंग चुकला असता तर निघाला असता.

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. देशातली कमाई ६०० कोटींच्या घरात गेली. आठवड्याभरात दिल्लीच्या साहित्य संमेलनात पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. मध्य प्रदेश आणि गोव्याने करमाफी दिली. महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ पासूनच नाही, हे मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं. थिएटरांत लोक रडत होते, घोषणा देत होते. ते अश्रू खोटे नव्हते. चित्रपटाचा शेवटचा भाग जवळजवळ पूर्ण छळाचा आहे, आणि आपल्या राजाचा छळ पाहून मराठी माणसाचं मन हलणारच. बऱ्हाणपूरजवळ असीरगडला लोक मोगलांचं सोनं शोधायला रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला निघाले, हा मात्र आपल्या भाबडेपणाचा कळस होता.

पुढचं हसण्यासारखं नाही. मार्चमध्ये औरंगजेबावरच्या वक्तव्याने आमदार अबू आझमी यांचं निलंबन झालं. खुलताबादची कबर काढा, या मागणीसाठी १७ मार्चला राज्यभर आंदोलनं झाली. नागपुरात जाळलेल्या चादरीवर पवित्र मजकूर होता अशी अफवा उठली, रात्री दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री फडणवीस यांनी विधिमंडळात ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्याचं सांगितलं. खुलताबादला बंदोबस्त लागला, कबर पाहायला येणाऱ्यांची नोंद आणि ओळखपत्रं तपासणं सुरू झालं, पुरातत्त्व खात्याने पत्रे ठोकले.

दंगलीचा दोष चित्रपटावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. अफवा पडद्यावरून आली नव्हती, दगड प्रेक्षकांनी आणले नव्हते, आणि कबर हा विषय राजकारणाने पेटवला तो तिकिटं विकून नव्हे. पण कंपनी पूर्ण सुटते असंही नाही. जिवंत समाजाच्या जखमेवर गोष्ट रचायची आणि त्या गोष्टीत शत्रूच्या बाजूला एकही पूर्ण माणूस ठेवायचा नाही, हा कलेचा निर्णय असतो आणि धंद्याचाही. खुलताबादमध्ये औरंगजेबाच्या साध्या, छप्पर नसलेल्या कबरीइतकंच बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जर जरी जर बक्ष यांचं स्थान आहे. मलिक अंबरची कबर आहे, ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर वसवलं. भद्रा मारुती आहे, जिथे हनुमान जयंतीला रस्ता दिसत नाही. आणि १६६७ साली दहा वर्षांचे संभाजी महाराज मोगलांचे मनसबदार म्हणून शहजादा मुअज्जमला भेटायला याच शहरात आले होते. ज्या शहराला आज त्यांचं नाव आहे, तिथे ते पोरवयात शत्रूच्या दरबारात उभे होते. एवढा नाट्यमय प्रसंग कोणत्या पटकथाकाराला नको असेल? पण तो प्रसंग घेतला की शत्रू आणि आपण यांच्यामधली भिंत थोडी पातळ होते, म्हणून तो गळतो.

बाहेरच्या जगात हेच प्रश्न कसे सुटले किंवा अडले, हे डिस्नीकडे पाहून कळतं. २०१३ मध्ये डिस्नीने ‘डिया दे लोस मुएर्तोस’ या मेक्सिकन सणाच्या नावाचा ट्रेडमार्क मागितला, लोक खवळले, अर्ज मागे घ्यावा लागला. ज्या व्यंगचित्रकाराने, लालो अल्काराजने, त्यावर कंपनीची टर उडवली, त्यालाच पुढे ‘कोको’साठी सल्लागार नेमलं. २०१६ मध्ये ‘मोआना’च्या वेळी पॉलिनेशियन देवाच्या गोंदलेल्या त्वचेचा पोशाख मुलांसाठी विकायला काढला, तोही परत घ्यावा लागला. पण सगळ्यात शिकण्यासारखं आहे ते ‘फ्रोझन २’चं. पहिल्या भागात उत्तर युरोपातल्या सामी लोकांचं संगीत आणि पेहराव उचलल्याची टीका झाली. दुसऱ्या भागाआधी, २०१९ मध्ये, डिस्नीने नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या सामी संसदांशी आणि सामी कौन्सिलशी लेखी करार केला. सामी तज्ज्ञांचा सल्लागार गट नेमला आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही आणला. सामी माणसं एक लाखाच्या आसपास. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक. आणि याच डिस्नीकडे २०१९ ते २०२४ स्टार प्रवाहची मालकी होती, ती आता रिलायन्सच्या जिओस्टारकडे आहे. सामींना जे मिळालं ते मागून मिळालं, आणि त्यांनी मागितला तो करार होता, एका दृश्याची कात्री नव्हती.

आपल्याकडे कायद्याची वाटही आहे, फक्त वापरात नाही. एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आंदोलनाच्या धमकीने चित्रपट दाबता येत नाही. २०११ मध्ये ‘आरक्षण’च्या खटल्यात त्याच तत्त्वावर एका राज्याची बंदी रद्द झाली. वाहिन्यांसाठी २०२१ च्या केबल नियमांत तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आहे. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार, तिला पंधरा दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. पटलं नाही तर उद्योगाच्या स्वनियमन मंडळाकडे, आणि शेवटी सरकारकडे. त्यासाठी मॉलमध्ये जावं लागत नाही आणि जामीनही लागत नाही.

म्हणून एक विनंती या शहरातल्या दोन संस्थांना. १९४३ पासून उभी असलेली मराठवाडा साहित्य परिषद आणि विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग यांनी मिळून दरवर्षी एक अहवाल काढावा. मराठवाडा त्या वर्षी मालिका-चित्रपटांत कुठे आला, कोणत्या बोलीत आला, कोणी लिहिला, कोणी वठवला, इतिहासपटांनी कोणती साधनं वापरली. तो अहवाल झी, जिओस्टार आणि प्रत्येक मोठ्या निर्मिती संस्थेला पाठवावा, उत्तर मागावं, उत्तर आलं की नाही ते छापावं. वाचकांनीही पुढच्या ट्रेलरवर रागवण्याआधी एक पत्र वाहिनीला लिहावं. त्याची प्रत परिषदेकडे ठेवावी.